पुट्टी भरली, रंग मारला, तरी गंज परत: १५ वर्षांची गाडी तपासणीत पास करताना

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं तेच आहे का ते कळेल. मागच्या चाकावरची कमान आणि तिची खालची पाच-सहा इंचांची कड. ऑक्टोबरात तिथे रंगाखाली मोहरीएवढा फोड येतो. दिवाळीपर्यंत त्याचा वाटाणा होतो. नखाने दाबला की कुरकुरतो, रंगाचा पापुद्रा हातात येतो आणि खालून तांबडा भुगा सांडतो. गॅरेजवाला घासतो, पुट्टी भरतो, रंग मारतो, गाडी नवरीसारखी दिसते. पुढच्या ऑक्टोबरात फोड त्याच जागी हजर, मागच्यापेक्षा थोडा मोठा.

माझ्या २००९च्या पेट्रोल हॅचबॅकवर हा खेळ तीनदा झाला. गाडी वेंगुर्ल्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, सुरूच्या झाडाखाली उभी असते. २०२४मध्ये १५ वर्षं भरली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागली. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर पाहिले, टायर पाहिले. मग वाकून दाराखालच्या रनिंग बोर्डाला, म्हणजे दोन चाकांमधल्या लांब पोकळ पट्टीला, अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला. आवाज पापड मोडल्यासारखा. "हे करून आणा," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

मला त्यांचा राग आला नाही, लाज वाटली. कारण हाच रनिंग बोर्ड मागच्या वर्षी पैसे मोजून 'फुल अँटी-रस्ट' करून घेतला होता. गंज कसा परत आला हे कळायला मला त्यानंतर दोन दिवस लागले, आणि त्यातला अर्धा दिवस गाडीवर नुसतं पाणी मारण्यात गेला.

आधी पाणी शोधा

गावातले एक जुने मिस्त्री आहेत, आता काम फारसं घेत नाहीत. त्यांना गाडी दाखवली. वाटलं, पत्रा किती कापायचा ते सांगतील. त्यांनी कमानीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पाणी खंयसून येता ता आधी बघ, मगे पत्रो मार."

हेच आम्ही तीन वर्षं केलं नव्हतं. फोड बाहेर दिसतो म्हणून आपण बाहेरून इलाज करतो. पण कमानीची कड, दाराचा तळ, रनिंग बोर्ड हे सगळे दोन पत्र्यांचे पोकळ भाग आहेत. आत शिरलेलं पाणी खाली जाऊन कडेला साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला बाहेर ढकलतो. फोड दिसला याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आतून काम उरकलेलं आहे, तुम्हाला फक्त निरोप आला आहे.

पाण्याची चाचणी अशी करा. मागची सीट, मॅट, खालचा गालिचा, डिकीतला पुठ्ठा आणि स्टेपनी बाहेर काढा. एकजण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून साधा बागेचा पाइप धरतो. सुरुवात खालून करायची. आधी चाकाची कमान, मग दाराची खालची कड, मग काचेची रबरं, मागचा दिवा, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

माझ्या गाडीत तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, डाव्या मागच्या दिव्याचं रबर. १५ वर्षांत ते बिस्किटासारखं कडक झालं होतं. पाइप दिव्यावर धरला आणि तिसऱ्या मिनिटाला आत बसलेल्या माझ्या भाच्याने हाक मारली, "मामा, इथून धार लागलीय." धार सरळ कमानीच्या आतल्या खोबणीत जात होती. म्हणजे तीन वेळा ज्या जागेवर रंग मारला, तिच्या डोक्यावर नळ चालूच होता. दिव्याचं रबर काही शे रुपयांना मिळालं.

दुसरी, बोनेटच्या मागे वायपरखाली असते ती जाळी. तिच्याखालच्या पन्हाळीत सुरूच्या काड्यांचा बोटभर थर कुजून पडला होता. पाणी बाहेर जायची वाट बंद, त्यामुळे ते आत ड्रायव्हरच्या पायाखालच्या गालिच्यात. गालिचा वरून कोरडा वाटायचा, खालचा फेल्ट पिळला तर पाणी.

तिसरी गोष्ट पाहून मिस्त्री हसले, मला मात्र हसू आलं नाही. रनिंग बोर्डाच्या तळाला पाणी निथळायला कंपनीने छोटी भोकं ठेवलेली असतात. मागच्या वर्षीच्या अँटी-रस्ट कोटिंगने ती सगळी बुजवली होती. पाणी आत, वर काळ्या डांबराचं बूच. त्या कोटिंगने रनिंग बोर्ड वाचवला तर नाहीच, त्याची टाकी करून ठेवली. तुम्ही कधी अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं असेल तर आज खाली वाकून ही भोकं मोजा. ती सापडली नाहीत तर दुसऱ्या बाजूला त्याच अंतरावर पाहा. बुजली असतील तर पातळ तारेने मोकळी करा, आणि खाली तोंड ठेवू नका. माझ्या गाडीतून बाहेर आलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

डिकीबद्दल एक कोकणी अनुभव. स्टेपनीच्या खड्ड्यातला गंज पावसाचा नव्हता, बांगड्यांचा होता. बाजारातून बर्फातली मासळी पिशवीतून आणायची, पिशवी गळायची, खारं पाणी खड्ड्यात. मिठाचा स्वभाव असा की हवेत दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आपल्याकडे किनाऱ्यावर ते वर्षातले बरेच महिने ओलंच असतं. आता डिकीत प्लॅस्टिकचा टब ठेवतो.

किती सडलंय ते मोजा

साधनं घरातलीच. फ्रिजवरचं चपटं लोहचुंबक घ्या, मध्ये पातळ फडकं धरा आणि पत्र्यावरून फिरवा. चुंबक जिथे सुटतं तिथे पुट्टी जाड आहे. माझ्या कमानीवर तळहाताएवढ्या जागेत ते अजिबात धरत नव्हतं, म्हणजे ती कमान पत्र्याची नव्हतीच, पुट्टीची मूर्ती होती. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला ढब्ब वाजतो. शंका असेल तिथे टोक जरा जोर देऊन टोचा. टोक आत गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. आज गेलं नसतं तर तपासणीच्या रांगेत गेलं असतं.

आता प्रश्न असा की कुठलं भोक महत्त्वाचं. पुढचा फेंडर बोल्टवर बसतो, तो सडला तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता दुसरा आणून लावा. दाराच्या खालच्या कडेचं भोक दिसायला वाईट, पण त्यामुळे गाडी मोडत नाही. रनिंग बोर्ड, फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं त्या जागा, सीट बेल्टचे बोल्ट आणि जॅक लावायची जागा यांची गोष्ट वेगळी. तिथला पत्रा गाडीचा सांगाडा आहे. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत यासाठी सोपं माप आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीट बेल्ट जिथे बसवलेले असतात तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा खूप सडला असेल तर गाडी नापास. आपल्याकडे निरीक्षकाच्या नजरेवर बरंच असतं, पण स्वतःसाठी हे माप धरायला हरकत नाही. शाळेची एक फूटपट्टी घेऊन गाडीखाली जा. त्या अंतरात भोक असेल तर पुट्टी, फायबर, एम-सील, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असले उद्योग बंद. तिथे वेल्डिंगच लागतं.

गाडीखाली गेलाच आहात तर ब्रेकचे पाइपही बघा. ते गंजून खडबडीत झाले असतील तर बाकी सगळं सोडून आधी ते बदला.

पत्रा कापताना

गॅरेजमध्ये नेहमीची पद्धत अशी की सडलेल्या भागावरच नवा पत्रा ठेवायचा, चार टाके मारायचे आणि वरून पुट्टी. काम दोन तासांत होतं आणि दोन पावसाळ्यांत उखडतं, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये जुना गंज तसाच असतो. गॅरेजवाल्याशी आधीच बोलून ठेवा: चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. तो म्हणेल, "साहेब, भोक मोठं होईल." होऊ द्या. माझ्या रनिंग बोर्डाचं अंगठ्याएवढं भोक कापता कापता दीड फुटाचं झालं. आतला पत्रा टाचेएवढ्या जागेत गेला होता, तो आधी जोडला, मग बाहेरचा. आतला तसाच ठेवून बाहेरचा जोडणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं.

मिस्त्रींनी माप घ्यायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा वापरला. भोकावर धरून, कडा दाबून ठसा घेतला, कात्रीने कापला, मग तो पत्र्यावर ठेवून आखणी केली. पत्रा २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा), जाडी जेमतेम ०.९ मिलिमीटर. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून काहीजण तो मागतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरचं जस्त जळतं, पांढरा धूर होतो आणि तो नाकात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वापरायचाच असेल तर कडेचं जस्त घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा.

वेल्डिंग सीओटूचं करा (विजेने तार वितळते, भोवती कार्बन डायऑक्साइडचा झोत असतो), गॅसच्या ज्योतीचं नको. गॅसची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. सीओटूनेही एका दमात शिवण ओढायची नसते. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढचा. मिस्त्री मध्ये चक्क विडी ओढायला बाहेर जायचे. मला वाटायचं वेळ काढतायत.

ठिणगीची काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गालिचा, फेल्ट, सीट बाहेर. सीट बेल्टचा पट्टा ओल्या गोणपाटाने झाका. एका ठिणगीने जळालेला पट्टा वरून ठीक दिसला तरी भरवशाचा राहत नाही. पेट्रोलची टाकी आणि तिचा पाइप मागच्या भागात कुठून जातो ते आधी पाहा. सीएनजी असेल तर सिलिंडर जाणकाराकडून उतरवून घेतल्याशिवाय मागच्या बाजूला हात लावू नका. पत्र्याच्या मागे चिकटवलेला डांबरी थर आतल्या आत धुमसतो, म्हणून काम झाल्यावर अर्धा तास कोणीतरी गाडीजवळ थांबावं. पाण्याची बादली हाताशी हवीच.

रंगाचा क्रम

उरलेल्या जागी नुसता वरवरचा गंज असेल, पत्रा खाली शाबूत असेल, तर वायर ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर चालतो. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं फॉस्फेट करतं, जागा काळपट होते. पण पापुद्रे निघत असतील तर कन्व्हर्टर वरच्या थरावरच काम करतो, खालचा गंज तसाच. आणि किनाऱ्यावरच्या गाडीसाठी एक पायरी कोणी सांगत नाही: घासून झालं की ती जागा साध्या गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि हीट गनने किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवा. खड्ड्यांमध्ये मीठ राहिलं तर त्यावर कितीही महागडा प्रायमर मारा, खाली मीठ आपलं काम करत बसतं.

मग दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, गेटला ठीक आहे, गाडीला नको. जोडांवर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लवचिक लेप. त्यानंतर पुट्टी, पातळ, तीन मिलिमीटरच्या आत. पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते, म्हणून ती भरून गाडी उघडी फिरवू नका. वर सरफेसर (रंगाआधीचा गुळगुळीत करणारा थर) आणि रंग लगेच पाहिजे. हे काम पावसाळ्यात कराल तर रंगावर दुधासारखी छटा येते आणि आतला दमटपणा कायमचा कोंडला जातो. नोव्हेंबर ते मे हा खरा काळ.

सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: पोकळीच्या आत मेण. कॅव्हिटी वॅक्सचा कॅन मिळतो, त्याला लांब नळी असते. रनिंग बोर्डाच्या आतल्या भोकातून नळी घालायची, फवारत फवारत मागे ओढायची. खालच्या भोकांतून मेणाचे थेंब गळू लागले की समजायचं पोहोचलं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं तारेने पुन्हा मोकळी करायची. गावाकडे यासाठी जुनं इंजिन ऑइल मारतात. पत्र्याला ते काही काळ जपतं, पण सस्पेन्शनची रबरं फुगवतं, ब्रेकवर उडालं तर धोका, आणि जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जातं. मी ते बंद केलं.

चेसिस नंबर

गंजाच्या नादात लोक हे विसरतात आणि मग दुसरी फेरी पडते. माझ्या गाडीत नंबर बोनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला आहे. तुमच्यात सीटखाली किंवा आणखी कुठे असेल. तपासणीला त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. पत्रा गंजला की अक्षरांच्या कडा जातात, ८ आणि ३ सारखे दिसू लागतात. जाण्याआधी घरी स्वतः ठसा घेऊन बघा: पातळ कागद नंबरवर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलकेच घासायची. अक्षर न् अक्षर उठलं पाहिजे.

साफ करायला जुना टूथब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल, बस्स. ग्राइंडर, वायर ब्रश, पॉलिश पेपर तिथे नेऊच नका. पेंटरलाही बजावून सांगा, नाहीतर तो हौसेने तिथेही घासून प्रायमर मारतो. नंबर खरोखरच वाचता येत नसेल तर आपल्या मनाने तो ठोकून घेणं गुन्ह्यात मोडतं. आधी आरटीओत लेखी सांगून परवानगी घ्या. साफ झाल्यावर ग्रीसचा पातळ हात पुरतो.

कागद आणि दिवस

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढचं नूतनीकरण ५ वर्षांचं. अर्ज नमुना २५चा, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. मुदत उलटली तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा. मी २०२४मध्ये ५,००० रुपये फी भरली, पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. पत्र्याचं काम मुदतीच्या चार-पाच महिने आधी काढा. माझं झालं असं की नापास झाल्यावर पावसाळा तोंडावर आलेला, रंगाला दिवस मिळेनात.

रंग मूळचाच मारा. पांढऱ्याची निळी केलीत तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीखाली काळा कोट मारून नेऊ नका. निरीक्षक रोज पन्नास गाड्या बघतात, ताज्या डांबराचा वास आला की ते नेमके तिथेच वाकतात. मी उलट केलं: रंगाआधी कापलेल्या आणि जोडलेल्या पत्र्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले होते. दुसऱ्या खेपेला अंगठा पुन्हा रनिंग बोर्डावर आला, तेव्हा फोटो पुढे केला. त्यांनी तो मोठा करून शिवण पाहिली आणि सही केली.

खर्च सांगायचा तर पत्रा, वेल्डिंग, रंग आणि मेण मिळून साडेअकरा हजार. तीन वर्षांच्या पुट्ट्यांचे मिळून नऊ गेले होते.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा झाला. कमान ठीक, रनिंग बोर्ड ठीक, डिकी कोरडी. पुढच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेला मात्र परवा एक मोहरी दिसली. काचेचं बाहेरचं रबर आखडलंय, तिथून पाणी दारात उतरत असणार. रविवारी दाराचं आतलं कव्हर काढतो आणि भाच्याला पुन्हा टॉर्च देऊन बसवतो.